‘पुरते’ म्हणजे कोणाला पुरते? : लहान बोअरची रायफल आणि शिकारगद्यातील साक्ष

१

शिकारविषयक गद्याला साहित्य म्हणावे की नाही, हा वाद प्रस्तुत लेखात उकरून काढण्याचा हेतू नाही. आपल्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णनाला स्थान आहे, आत्मचरित्राला आहे. शिकारकथा मात्र फावल्या वेळच्या वाचनाकडे सोपविलेली असते. वस्तुतः साक्षीचे गद्य म्हणून तिच्याइतका अवघड नमुना दुसरा मिळणे कठीण. शिकारी बहुधा एकटा असतो. ज्याच्याविषयी तो बोलतो ते जनावर मेलेले असते किंवा निघून गेलेले असते. घडलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही. अशा वेळी विधानाचा खरेखोटेपणा तपासण्यास वाचकाच्या हाती त्या विधानाच्या रचनेपलीकडे फारसे काही उरत नाही. भाषेच्या अभ्यासकाने या गद्याकडे वळावे, याचे कारण हे.

तपासणीसाठी मी एकच विधान घेतले आहे. हत्तीसारख्या वा वाघासारख्या मोठ्या जनावराला लहान बोअरची रायफल पुरते, हे ते विधान. इंग्रजी शिकारवाङ्मयात या एका वाक्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ कडाक्याचा वाद झाला, आणि तो बंदुकीचा, गोळीचा व दारूचा वाद समजला गेला. माझे म्हणणे असे की, वादाचे मूळ काही अंशी वाक्यरचनेत आहे. मराठीतील ‘पुरणे’ हे क्रियापदच पाहावे. ‘शंभर रुपये पुरतात’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारतो : कोणाला, कशाला आणि किती दिवस? ही उत्तरे मिळाल्याशिवाय वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी अर्थाने अपुरे राहते. ‘लहान रायफल पुरते’ हे वाक्यही असेच अपुरे आहे. ते पुरे करण्याची जबाबदारी कोणता लेखक किती घेतो, यावरून त्याच्या गद्याची योग्यता ठरविता येईल असे मला वाटते. त्यासाठी बेल, टेलर, कॉर्बेट आणि ऑर्वेल हे चार लेखक येथे विचारात घेतले आहेत.

२

प्रथम ‘लहान’ या विशेषणाचा निकाल लावला पाहिजे. मराठीत ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यातील बारा हा आकडा नळीची रुंदी सांगत नाही. त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, एवढेच तो सांगतो. म्हणून येथे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. चार बोअरच्या बंदुकीची एकच गोळी पाव पौंडाची होते. रायफलीचे आकडे याच्या उलट चालतात. .२७५ किंवा .४७० हे इंचाचे दशांश असल्यामुळे आकडा वाढला की नळी वाढते. शिवाय ‘लहान’ हा शब्द सापेक्ष आहे. निशाण मारण्याच्या स्पर्धेत लहान बोअर म्हणजे .२२, हत्तीच्या शिकारीत.२७५ सुद्धा लहान. हरणाच्या शिकारीत तीच रायफल कोणी लहान म्हणणार नाही.

ही सापेक्षता इतिहासानेही घडविली आहे. काळ्या दारूच्या काळात गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नसे, म्हणून तिचे वजन वाढवावे लागे. सिलोनात व आफ्रिकेत शिकार केलेल्या सॅम्युअल बेकरने अवजड बंदुकांची तरफदारी केली ती या परिस्थितीत. सेलूस याने १८७०च्या दशकात चार बोअरच्या तोंडाने ठासायच्या बंदुकांनी हत्ती मारले. परंतु त्यांच्या धक्क्याने आपल्या नेमबाजीची कायमची हानी झाली, अशी कबुली त्यानेच पुढे दिली. १८८६ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू लष्करी वापरात आली आणि हे गणित बदलले. गोळी बारीक, लांब, धातूच्या कवचाची आणि वेगवान झाली. १८९०च्या दशकात प्रचारात आलेले माउझरचे ७ मिलिमीटरचे काडतूस हे या बदलाचे ठळक उदाहरण. रिग्बी या इंग्लिश बंदूककारांनी त्यालाच .२७५ असे नाव दिले. त्याची लांब गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची. वेग सेकंदाला सुमारे २३०० फूट. हत्तीच्या शिकारीसाठी मान्य असलेल्या .४७० रायफलीची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सुमारे २१२५ फूट. जवळजवळ तिप्पट वजनाच्या गोळीचे काम लहान गोळी करू शकते काय, हा प्रश्न अशा रीतीने उभा राहिला.

३

या प्रश्नाला सर्वांत ठाम होकार वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल (१८८०–१९५४) याने दिला. युगांडातील करामोजा प्रदेशावरून तो ‘करामोजो बेल’ म्हणून ओळखला जाई. हस्तिदंतासाठी त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुतेक ७ मिलिमीटरच्या रायफलीने. त्याचा ‘द वाँडरिंग्ज ऑफ अॅन एलिफंट हंटर’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रदेशांची व प्रवासांची हकीकत रंगात येण्यापूर्वीच हत्तीच्या मेंदूवरील नेम आणि शरीरावरील नेम यांवर दोन स्वतंत्र प्रकरणे येतात, आणि त्यांना लेखकाने स्वतः काढलेल्या आकृत्यांची जोड आहे. हत्तीचे डोके अवाढव्य दिसते, परंतु त्याचा पुष्कळसा भाग मधाच्या पोळ्याप्रमाणे पोकळ्यांनी भरलेल्या हाडाचा असतो. मेंदू त्या मानाने लहान आणि बराच मागे. बेलने मेलेल्या हत्तीचे डोके कापून ही जागा पाहिली होती. समोरून, बाजूने किंवा तिरकस मागून पाहताना ती कोठे येईल याचा त्याने अभ्यास केला होता. गोळी तेथे पोहोचली तर हत्ती जागच्या जागी खाली बसतो आणि शेजारचे हत्तीही फारसे बिथरत नाहीत, हा त्याच्या धंद्याला उपयोगी पडलेला अनुभव. हलकी रायफल दिवसभर हातात बाळगता येते, धक्का कमी म्हणून नेम ढळत नाही आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते, हे त्याचे इतर मुद्दे.

येथपर्यंत बेलचे वाक्य पूर्ण आहे : ज्याला जागा ठाऊक आहे आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्याला लहान रायफल पुरते. परंतु रायफलींविषयी स्वतंत्रपणे लिहू लागताच त्याची भाषा बदलते. ७ मिलिमीटरच्या गोळीलाच हत्तीचा मेंदू शोधण्याची कला अवगत असावी, अशा अर्थाचा विनोद तो करतो. हा विनोद नम्रतेचा आहे यात शंका नाही. स्वतःचे कौशल्य पुढे न करता तो श्रेय गोळीला देतो. पण व्याकरणाच्या दृष्टीने काय घडले ते पाहावे. कर्त्याच्या जागेवरून माणूस उठला आणि तेथे गोळी बसली. डोके कापून केलेला अभ्यास, वर्षानुवर्षांची नेमबाजी आणि हजारो मैलांची पायपीट या साऱ्या गोष्टी वाक्याबाहेर गेल्या. पुढच्या पिढीतील वाचकांनी बेलचे नाव घेऊन लहान रायफलीची तरफदारी केली, तेव्हा त्यांनी उचलले ते हे दुसरे वाक्य. पहिले वाक्य कष्टाचे होते, दुसरे विकत घेता येण्यासारखे होते.

बेलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मर्यादा दाखविण्यास तो कचरत नाही. ७ मिलिमीटरपेक्षाही बारीक, ६.५ मिलिमीटरची गोळी जड हाडात शिरताना वाकते, असे तो स्पष्टपणे नोंदवितो. म्हणजे ‘जितके लहान तितके चांगले’ असा त्याचा सिद्धान्त नाही. उणीव आहे ती वेगळ्या जागी. मेलेल्या हत्तींची संख्या त्याच्या लेखनातून कळते. गोळी लागूनही निघून गेलेल्या हत्तींचा तसा ताळेबंद वाचकाच्या हाती येत नाही. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. हाच प्रयोग करताना जे शिकारी हत्तीच्या पायाखाली गेले, त्यांना ग्रंथ लिहिण्याची संधी मिळाली नाही. या विषयावरील सारे अनुभवकथन हे वाचलेल्यांचे कथन आहे.

४

बेलच्या विरुद्ध बाजूने जॉन टेलर उभा राहिला. त्याचा ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा ग्रंथ १९४८ चा. टेलरचा विषय चुकलेला नेम हा आहे. गोळी मेंदूत शिरली तर लहानमोठे सारखेच. पण ती मेंदूला थोडक्यात चुकली तर काय? जड गोळीच्या आघाताने हत्ती काही काळ बेशुद्ध पडतो व शिकाऱ्याला दुसरी संधी मिळते; हलक्या गोळीने तसे होत नाही, असा त्याचा अनुभव. हा फरक आकड्यांत मांडण्यासाठी त्याने गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून एक मूल्य काढले.

हे मूल्य भाषाभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. वर दिलेले आकडे घेऊन हिशेब केला, तर .२७५ चे मूल्य सुमारे १६ आणि .४७० चे सुमारे ७१ येते. मोठी रायफल जवळजवळ साडेचारपट ठरते. त्याच दोन गोळ्यांची गतिज ऊर्जा काढली, तर मोठीची ऊर्जा लहानीच्या सुमारे अडीचपट भरते. गोळ्या त्याच, हत्ती तोच. गुणोत्तर मात्र बदलले, कारण टेलरने व्यासाला गुणक म्हणून आत घेतले आणि ऊर्जेच्या सूत्रात व्यास नाही. व्यास का घ्यावा, याचे समर्थन तो भौतिकशास्त्रातून देत नाही. आपला अनुभव ज्या आकड्यांत बसेल अशी व्याख्या तो करतो. पारिभाषिक संज्ञेच्या पोटात निष्कर्ष आधीच कसा बसलेला असतो, याचे विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगे हे उदाहरण आहे.

तथापि सूत्र सदोष म्हणून टेलरचा प्रश्न सदोष ठरत नाही. बेलचे गद्य यशाच्या क्षणाभोवती फिरते, टेलरचे चुकीच्या. ‘कोणाला पुरते?’ याचे उत्तर टेलर देतो ते असे : ज्याच्या हातून कधीतरी चूक होईल त्याला लहान रायफल पुरत नाही, आणि चूक कोणाच्याही हातून होईल. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्याने घातली, तिच्या मागेही हाच विचार दिसतो. कायदा असामान्य हातासाठी लिहिता येत नाही. बेलच्या वाक्यात ‘मला’ हे पद अध्याहृत आहे. कायद्याच्या वाक्यात ‘सर्वांना’ हे पद असावेच लागते.

५

जिम कॉर्बेट या वादात पक्षकार म्हणून उतरत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. १९०७ मध्ये त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. ही रायफल २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने पुन्हा आपल्या ताब्यात घेतली. प्रत्यक्ष चंपावतची वाघीण मात्र .५०० च्या जड रायफलीने घायाळ झाली होती आणि काडतुसे संपल्यावर शेवटचा बार कॉर्बेटने तहसीलदाराच्या बंदुकीने टाकला. १९३८ मध्ये थाकच्या वाघिणीसाठी त्याने .४५०/४०० ची दुनळी वापरली. रुद्रप्रयागच्या बिबळ्यावर १९२६ मध्ये झाडलेली गोळी .२७५ ची. प्रसंग पाहून हत्यार घेणे, एवढाच त्याचा सिद्धान्त.

कॉर्बेटच्या गद्याचे वैशिष्ट्य असे की, इतर लेखक ज्या जनावराविषयी मौन पाळतात, त्या घायाळ होऊन निघून गेलेल्या जनावरापासून त्याची कथा सुरू होते. वाघ नरभक्षक का होतो, या प्रश्नाला त्याने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या ग्रंथाच्या आरंभीच उत्तर दिले आहे : बहुतेक वेळा जखमेमुळे, आणि ही जखम साळिंदराच्या काट्यांची असते किंवा बेफिकिरीने झाडलेल्या आणि मग पाठपुरावा न केलेल्या गोळीची. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने मोडले होते. थाकच्या वाघिणीच्या अंगावर गावठी छऱ्यांच्या जुन्या जखमा होत्या आणि त्यांतील एक चिघळली होती. रुद्रप्रयागच्या बिबळ्यावर १९२१ मध्ये अलकनंदेच्या झुलत्या पुलावरून दोन तरुण अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. एक त्याच्या पायाच्या तळव्याला लागली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आणखी पाच वर्षे जगला. १९१८ ते १९२६ या काळात त्याने घेतलेल्या बळींची सरकारी नोंद १२५ आहे.

अपुऱ्या गोळीचा हिशेब येथे कोणाच्या नावावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे. बेल आणि टेलर यांच्या वादात धोका शिकाऱ्याला असतो किंवा हत्तीला. कॉर्बेट त्यात तिसरा पक्ष आणतो : सरपणाला गेलेली बाई, गुरे राखणारा मुलगा, रात्री दार लावून बसलेले खेडे. ज्याने गोळी झाडली तो मुक्कामाला परत जातो. ‘पुरली नाही’ हे कळते दुसऱ्याला, काही महिन्यांनी, दुसऱ्याच गावात.

रुद्रप्रयागच्या शेवटच्या रात्रीचे वर्णन या दृष्टीने पुन्हा वाचावे. गोलाबराईच्या आंब्यावर कॉर्बेट बसला आहे. विजेची बत्ती क्षणभर पेटते, गोळी सुटते आणि बत्ती विझते. गोळी लागली की नाही, हे त्याला ठाऊक नाही. कथा रंगविण्याच्या नादात दुसऱ्या एखाद्याने येथे जनावर पाडले असते. कॉर्बेट मधले तास तसेच ठेवतो. आपण चुकलो असलो तर याच रात्री कोणाचा बळी जाईल, ही धास्ती तो वाचकाच्या मनातून काढून घेत नाही. निकाल उजाडल्यावर कळतो, आणि तोही विजयाच्या स्वरात येत नाही. समोर पडला आहे तो एक म्हातारा बिबळ्या. लहान रायफल त्या रात्री पुरली. पण ती पुरली हे तिला झाडणाऱ्याला झाडताना ठाऊक नव्हते, आणि हे न ठाऊक असणे त्याने कथनात राखले, हा या गद्याचा प्रामाणिकपणा होय.

६

चौथी साक्ष शिकाऱ्याची नाही. जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग अॅन एलिफंट’ हा निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रह्मदेशातील मौलमीन येथे पोलीस अधिकारी असलेला निवेदक पिसाळलेल्या हत्तीच्या मागावर निघतो. प्रसंग जसाच्या तसा घडला काय, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही. निवेदकाच्या हाती आरंभी .४४ ची जुनी विंचेस्टर आहे. ती हत्तीला अपुरी, हे तो जाणतो आणि हत्तीची मोठी रायफल मागवून घेतो. म्हणजे टेलरची अट पाळली गेली. तरीही हत्ती मरता मरत नाही. मोठ्या रायफलीच्या गोळ्या संपतात. मग तो लहान रायफल मागवून तिच्या गोळ्या हत्तीच्या छातीत व घशात झाडतो. त्यांचा काही परिणाम दिसत नाही. शेवटी तो तेथून निघून जातो. हत्तीला मरायला अर्धा तास लागला, हे त्याला मागाहून समजते.

कारण निवेदक स्वतःच सांगतो. नेम नेमका कोठे धरायचा हे त्याला ठाऊक नव्हते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हत्तीला मारण्याची त्याची इच्छाच नव्हती. पाठीमागे जमलेल्या जमावापुढे साहेबाने हसे होऊ नये, म्हणून गोळी सुटली. बेलपाशी जागेचे ज्ञान होते आणि रायफल लहान होती. ऑर्वेलच्या निवेदकापाशी रायफल मोठी होती आणि ज्ञान नव्हते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की वादातील आकडे आपोआप मागे पडतात. ‘कशाला पुरते?’ हा प्रश्न ऑर्वेल सर्वांत कठोरपणे विचारतो. हत्ती मारायला ती रायफल धड पुरली नाही. हसे टाळायला मात्र पुरली.

७

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी शिकारकथा वाचताना एक गोष्ट माझ्या पुन्हा पुन्हा ध्यानात आली आहे. यश सांगताना कर्ता ठळक असतो : ‘मी वाघ मारला’, ‘त्यांनी सांबर पाडले’. अपयश सांगताना तो नाहीसा होतो : ‘नेम चुकला’, ‘गोळी चाटून गेली’, ‘बार फुकट गेला’. फार तर ‘माझ्या हातून’ एवढे येते, आणि या ‘हातून’ प्रत्ययाने माणूस कर्त्याच्या पदावरून उतरून नुसते साधन होतो. ‘जनावर घायाळ होऊन निसटले’ या वाक्यात तर कर्तेपण जनावराकडेच गेले. जणू निसटणे ही त्याची कृती, आणि गोळी ही कोणाचीच नव्हे.

यावर आक्षेप येईल की, हे भाषेचे वळण आहे. त्यावरून लेखकाच्या नीतीचा निवाडा करणे योग्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. ‘नेम चुकला’ म्हणणारा प्रत्येक जण काही लपवीत असतो असे नाही. परंतु एकाच लेखकाच्या लेखनात सकर्तृक रचना यशाच्या बाजूला आणि अकर्तृक रचना अपयशाच्या बाजूला सातत्याने पडू लागली, तर ते केवळ भाषेचे वळण राहत नाही. ती निवड ठरते. अशी निवड मोजता येते. एखादा शिकारकथासंग्रह घ्यावा, गोळी झाडल्याची सर्व वाक्ये वेगळी काढावीत, आणि कर्ता, अट व परिणाम ही तीन पदे कोठे उपस्थित आहेत व कोठे गळाली आहेत हे पाहावे. पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल एवढे काम यात आहे; आणि हे वाक्य अपुरे राहू नये म्हणून सांगतो, ते एका विद्यार्थ्याला एका वर्षाला पुरेल.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार हा छंद राहिलेला नाही, आणि ती गोष्ट इष्टच झाली. या गद्याचा अभ्यास मात्र त्यामुळे शिळा होत नाही. ‘इतके पुरे आहे’ असे सांगणारी वाक्ये औषधाच्या मात्रेविषयी, पुलाच्या बांधणीविषयी, दुष्काळातील धान्याविषयी रोज लिहिली जातात, आणि त्यांतील पुष्कळांत ‘कोणाला’ हे पद लिहिलेले नसते. ते पद शोधण्याची सवय ज्या वाङ्मयातून लागू शकते, त्याला आपल्या अभ्यासक्रमात एखादा तास मिळावा, एवढीच या लेखाची सूचना आहे.